किलो आणि रुपये : जोह्यातून दिसणारे मूलभूत उत्पन्न

अनंत चतुर्दशी उलटली की पेण तालुक्यातल्या जोहे गावात काही दिवस विलक्षण शांतता पसरते. दिवा-रोहा लोहमार्गावरच्या हमरापूर स्थानकापासून जवळच असलेल्या या गावात आणि शेजारच्या हमरापूर, कळवे, तांबडशेत या गावांत घराघराला लागून गणपतीचे कारखाने आहेत. भाद्रपदाच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. साच्यातून निघालेल्या मूर्तींचे सांधे बुजवणे, घासकाम, रंग, शेवटी डोळ्यांची आखणी अशी कामे रात्री उशिरापर्यंत चाललेली असतात. सण झाला की मांडण्या रिकाम्या होतात. मालक येणे-देणे जुळवायला बसतो, कारागीर उचल फिटली की नाही ते पाहतो, आणि पुढच्या वर्षाची माती भिजेपर्यंत हातात येणारा पैसा आटतो.

गेल्या काही वर्षांत या चक्रात आणखी एक अनिश्चितता शिरली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी आणण्याची दिशा स्पष्ट केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोरपणे पाळण्यास सांगितले. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवण्यास मुभा मिळाली, पण नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनास परवानगीशिवाय मनाई राहिली. नदी-समुद्राच्या दृष्टीने या निर्बंधांमागची चिंता रास्त आहे. मात्र वर्षाचे पहिले पाच-सहा महिने, म्हणजे माल तयार होण्याचा नेमका काळ, हजारो हातांनी ‘आपला माल विकला जाणार की नाही’ या प्रश्नासोबत काढला.

अशा वेळी घरात पैसा येतो कुठून? शासनाच्या कल्याणकारी योजना या घरापर्यंत कशा पोचतात? आणि त्या साऱ्या योजना गुंडाळून प्रत्येक नागरिकाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकावी, हा जगभर चर्चिला जाणारा विचार इथे लावून पाहिला तर काय दिसते? ‘युनिव्हर्सल बेसिक इन्कम’, म्हणजे सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न, या कल्पनेवर आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. पण बहुधा ते दिल्लीच्या किंवा हेलसिंकीच्या खिडकीतून लिहिलेले असते. या लेखात ती जोह्याच्या ओटीवर बसून तपासायची आहे.

चौघांचे एक घर

समजा, जोह्यात चार माणसांचे एक घर आहे. हे घर कल्पित आहे, त्याला लागू होणारे नियम मात्र खरे आहेत. घरधनी पंचेचाळीस वर्षांचा, आखणी करणारा कारागीर. बायको चाळिशीची, घासकाम आणि रंगकामाला जाते. आई अडुसष्ट वर्षांची, विधवा. मुलगा एकोणीस वर्षांचा. खारेपाटात थोडी भातशेती आहे, ती घरधन्याच्या नावावर. शिधापत्रिका प्राधान्य कुटुंबाची.

आता योजना मोजू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार दरडोई ५ किलो, म्हणजे महिन्याला २० किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून मोफत. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतून बायकोला १५०० रुपये. जमिनीमुळे पीएम-किसानचे वर्षाला ६००० आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे ६०००, म्हणजे महिन्याला सरासरी १००० रुपये. आईला काही नाही. लाडकी बहीण पासष्टाव्या वर्षी थांबते, आणि संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. कमावता मुलगा घरात असताना तो दाखला प्रामाणिकपणे मिळणे कठीण. एकोणीस वर्षांच्या नातवालाही काही नाही.

घरधन्याचे काय? शेतकरी म्हणून त्याला हजार रुपये मिळतात, पण ज्या कामावर घर चालते त्या कामासाठी काहीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत मूर्तिकार आणि कुंभार आहेत. त्यातून प्रशिक्षण मिळते, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. पण मागणीच थांबलेल्या महिन्यात कारागिराला कर्ज नको असते, त्याला किराणा भरायचा असतो. न्यायालयाच्या आदेशाने, महापुराने किंवा मंदीने काम थांबले तर धडधाकट, मध्यमवयीन, स्वयंरोजगारी माणूस कोणत्याच चौकटीत बसत नाही. आपल्या कल्याण व्यवस्थेने वृद्ध, विधवा, दिव्यांग, शेतकरी, गरोदर स्त्री असे कप्पे केले आहेत. दोन कप्प्यांच्या मधल्या फटीत मात्र अर्धा देश राहतो.

मूलभूत उत्पन्नाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद हाच आहे. कप्पे पाडले की दाखले लागतात, आणि ते मिळवायला तलाठी कार्यालय, सेतू केंद्र अशा खेपा आणि बुडालेली मजुरी. प्रत्येकाला सरसकट दिले तर फट उरत नाही.

कल्पना नेमकी काय आहे

मूलभूत उत्पन्नाची व्याख्या पाच शब्दांत बांधता येते : सर्वांना, व्यक्तिशः, रोख, नियमित आणि विनाअट. यातला एकही शब्द गाळला की योजना वेगळी होते. लाडकी बहीण रोख, नियमित आणि व्यक्तिशः आहे, पण सर्वांना नाही. वय, लिंग आणि अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. पीएम-किसान विनाअट आहे, पण सातबारा लागतो.

कल्पना जुनी आहे. थॉमस पेन याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत असे मांडले की जमीन ही मूळची सर्वांची. ज्यांनी ती खाजगी केली त्यांनी समाजाला खंड द्यावा, आणि त्यातून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड मिळावेत. त्याच्या दृष्टीने ही भीक नव्हती, हक्काची वाटणी होती. दुसरी परंपरा अगदी वेगळ्या टोकाकडून आली. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ‘उणे प्राप्तिकर’ सुचवला. गरिबाला सरकारने उलट रोख रक्कम द्यावी आणि बाकीच्या योजनांचा पसारा आवरावा, असा त्याचा रोख होता.

दोन्ही बाजू ‘सर्वांना रोख द्या’ असेच म्हणतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण पेन वाढवून देऊ पाहतो आणि फ्रीडमन बदलून देऊ पाहतो. आपल्याकडच्या वादात हा फरक बहुतेकदा हरवतो. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत अरविंद सुब्रमणियन यांनी या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले. त्यात दरडोई वार्षिक ७६२० रुपये ही रक्कम उदाहरणादाखल धरली होती आणि ७५ टक्के लोकांना ती दिल्यास खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.९ टक्के येईल असा हिशेब होता. तेव्हा चर्चा सुरू झाली ती लगेच ‘मग कोणत्या योजना बंद करायच्या’ इथवर गेली.

बदलून दिले तर : एक हिशेब

हा हिशेब आपणही करू. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या १३ कोटी धरली आणि ही सारी रक्कम स्त्री-पुरुष, गरीब-श्रीमंत न पाहता सर्वांत सारखी वाटली, तर माणशी महिन्याला साधारण २३० रुपये येतात.

आता धान्य. केंद्राने २०२५-२६ साठी अन्न अनुदानापोटी सुमारे २ लाख ३ हजार कोटी ठेवले आहेत. रेशन बंद करून हे पैसे देशातल्या १४० कोटींत वाटले तर माणशी महिन्याला सुमारे १२० रुपये.

दोन्ही मिळून ३५०. जोह्याच्या चौघांना महिन्याला १४०० रुपये. आज त्यांना लाडक्या बहिणीचे १५०० आणि २० किलो धान्य मिळते. तांदूळ किलोला ४० रुपये धरला तर धान्याचे ८०० झाले, एकूण २३००. म्हणजे ‘सर्वांना समान’ या न्याय्य वाटणाऱ्या बदलात या घराचे महिन्याला ९०० रुपये कमी होतात. दोन गाड्या दारात असलेल्या पनवेलच्या एखाद्या चौकोनी कुटुंबाला मात्र कधी न मागितलेले १४०० सुरू होतात. आणि निराधार योजनेचे १५०० घेणाऱ्या एकट्या विधवेचे पैसेही याच हिशेबात ओतले, तर तिच्या हाती त्या १५०० च्या जागी जेमतेम चारशेच्या आत काहीतरी येईल.

रक्कम कमी न करता सर्वांना द्यायची म्हटले, म्हणजे प्रत्येकाला १५०० रुपये, तर वर्षाला २ लाख ३४ हजार कोटी लागतात. राज्याची २०२५-२६ ची अपेक्षित महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी होती. म्हणजे प्रत्येक शंभर रुपयांतले ४२ रुपये एकट्या या योजनेला. शिक्षकांचे पगार, दवाखाने, पोलीस, कर्जावरचे व्याज उरलेल्या ५८ मध्ये.

हे गणित कोणत्याही पक्षाचे नाही. ठरावीक थैलीतून आज थोड्यांना मिळणारे पैसे सर्वांना वाटले की गरजू माणसाचा वाटा पातळ होतो, एवढेच ते सांगते. म्हणून ‘कल्याण योजनांच्या जागी मूलभूत उत्पन्न’ हे वाक्य ऐकले की पहिला प्रश्न असा विचारावा : थैली तेवढीच आहे की मोठी?

किलो वाढत नाहीत, पण घटतही नाहीत

दुसरा प्रश्न मापाचा आहे. रेशनचे वचन किलोत दिलेले असते, अनुदानाचे रुपयांत. वचन देताना दोन्ही सारखीच दिसतात, फरक पुढच्या काही वर्षांत कळतो.

केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या गरीब वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. जवळजवळ दोन दशके तो २०० च आहे. राज्य आपली भर घालते म्हणून महाराष्ट्रात वृद्धांना १५०० मिळतात, पण केंद्राच्या कागदावरचा आकडा हललेला नाही. एवढ्या काळात डाळ, तेल, रिक्षाभाडे कुठून कुठे गेले ते वाचकांना सांगायला नको. त्याच काळात कायद्याने ठरलेले ५ किलो मात्र ५ किलोच राहिले. बाजारात तांदूळ वीसचा चाळीस झाला तरी ताटातला भात कमी झाला नाही. भाववाढीचा भार तिथे सरकार उचलते. रोख देताना तो भार गुपचूप घेणाऱ्याच्या डोक्यावर सरकतो.

महाराष्ट्रात याचा प्रत्यक्ष प्रयोग झालेला आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून दरडोई ५ किलो धान्य सवलतीने, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो, मिळत असे. केंद्राकडून त्या दराने धान्य मिळणे थांबल्यावर राज्याने जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात देण्याचे ठरवले. पुढे ते १७० झाले. किलोला चाळीसच्या दराने १७० रुपयांत सव्वाचार किलो तांदूळ येतो. पाच किलोंचे सव्वाचार झाले, आणि कुठेही ‘कपात’ हा शब्द उच्चारावा लागला नाही.

झारखंडमध्ये रांचीजवळच्या नगडी तालुक्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये याहून चमत्कारिक प्रयोग झाला. रुपया किलोचा तांदूळ बंद करून अनुदान खात्यात जमा होई. ते काढून दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा. पैसे जमा झाले का हे पाहायला बँक, ते काढायला पुन्हा बँक, मग रेशन दुकान. पूर्वी एका खेपेत होणाऱ्या कामाला तीन खेपा लागू लागल्या. लोकांनी मोर्चे काढले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने प्रयोग मागे घेतला.

इराणने तर हे देशभर केले. डिसेंबर २०१० मध्ये इंधन आणि ब्रेडवरची सवलत कमी करून प्रत्येकाला महिन्याला ४ लाख ५५ हजार रियाल द्यायला सुरुवात केली. तेव्हा ती रक्कम गरीब घराला मोठा आधार होती. पण आकडा तोच राहिला आणि महागाई धावत सुटली. काही वर्षांतच तिची किंमत मूळच्या एका लहानशा अंशावर आली.

तरीही रोख हवी, ती कुणाला?

इथवर वाचून वाटेल की हा लेख रोख रकमेच्या विरोधात आहे. तसे नाही. रोख जे करते ते धान्याला जमत नाही, आणि त्याचा पुरावा पेण तालुक्याच्याच डोंगरपट्ट्यात आहे.

तिथल्या कातकरी वाड्यांतली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्याआधी उचल घेतलेली असते. पावसाळ्यात, कामाच्या टंचाईत, एखाद्या आजारपणात घेतलेले पाच-दहा हजार पुढच्या सहा महिन्यांच्या मजुरीचा भाव ठरवतात. उचल घेणाऱ्याला घासाघीस करता येत नाही. शेतातला भात आणि रेशन भूक भागवते, पण दवाखान्याचे बिल तांदळाने चुकवता येत नाही. महिन्याला घरात तीन-चार हजार रोख नियमित आली तर उचलीची गाठ सैल होते. इथे रक्कम लहान असली तरी तिच्याने माणसाला मुकादमाला ‘नाही’ म्हणता येते.

‘खावटी’ हा शब्द ज्यांना माहीत आहे त्यांना हे नवे नाही. आदिवासींना पावसाळ्यात तगून राहण्यासाठी राज्य खावटी कर्ज देत असे. करोनाकाळात त्याचे अनुदान झाले : कुटुंबाला ४००० रुपये, त्यातले २००० खात्यात आणि २००० च्या वस्तू. आपल्या प्रशासनाच्या मनातली द्विधा या निम्म्या-निम्म्या वाटणीत स्वच्छ दिसते. गरिबाच्या हातात पूर्ण पैसे द्यायचा धीर होत नाही. तो ते उडवेल अशी शंका असते.

ही शंका तपासली गेली आहे. २०११ ते २०१३ या काळात ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशातल्या आठ गावांत सर्वांना रोख रक्कम दिली. प्रौढाला २०० आणि मुलाला १००, वर्षानंतर ३०० आणि १५०. तुलनेसाठी रक्कम न मिळालेली बारा गावे होती. पैसे मिळालेल्या गावांत मुलांचे पोषण आणि शाळेतली हजेरी सुधारली. लोकांनी काम सोडले नाही, उलट मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात आणि धंद्यात अधिक काम केले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. या प्रयोगाचा हवाला ‘योजना बंद करून रोख द्या’ म्हणणारेही देतात. पण त्या गावांत रेशन आणि इतर योजना चालूच होत्या. यश मिळाले ते जोडीने दिलेल्या रोख रकमेला.

आधीच सुरू झालेली अदलाबदल

‘योजनांच्या जागी रोख’ हा भविष्यातला प्रश्न आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ही अदलाबदल महाराष्ट्रात सुरू झाली आहे, आणि तिचे नियम लोकचर्चेतून ठरलेले नाहीत.

लाडकी बहीण योजनेत एक अट आहे : अन्य शासकीय योजनेतून १५०० किंवा अधिक मिळत असतील तर लाभ नाही, कमी मिळत असतील तर फक्त फरक मिळेल. त्यामुळे २०२५ मध्ये निराधार योजनेच्या सुमारे २.३ लाख स्त्रिया लाडक्या बहिणीच्या यादीतून वगळल्या गेल्या आणि पावणेआठ लाखांच्या आसपास स्त्रियांना केवळ ५०० रुपये मिळू लागले, कारण त्यांना शेतकरी म्हणून महिन्याला १००० मिळतात.

आपल्या जोह्याच्या घरात हा नियम लावून पाहा. जमीन घरधन्याच्या नावावर आहे, म्हणून त्याचे १००० आणि बायकोचे १५०० मिळून २५०० येतात. तीच जमीन उद्या बायकोच्या नावावर केली तर? तिला शेतकरी म्हणून १००० आणि लाडकी बहीण म्हणून ५००, एकूण १५००. सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवल्याचा दंड, महिन्याला हजार रुपये. ज्या राज्यात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेतून बायकोच्या नावे जमीन करण्यासाठी गावेच्या गावे तयार केली, तिथे स्त्रियांसाठीच्या योजनेचा नियम उलट दिशेला ढकलतो. कुणी तसे मुद्दाम केलेले नसावे. एक योजना दुसरीतून वजा करायची ठरवली की असे अपघात होतात.

पैसा येतो कुठून हेही त्याच वर्षी दिसले. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी या योजनेकडे वळवल्यावर सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. लाभार्थींत त्या समाजांतील स्त्रियाही आहेत, असे सरकारच्या बाजूने सांगितले गेले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण आश्रमशाळेचे छत आणि आईच्या खात्यातले १५०० या एकमेकांच्या जागी ठेवण्याच्या वस्तू नाहीत.

खाते आणि भरवसा

पेणच्या माणसासमोर ‘थेट खात्यात’ हे शब्द जपून वापरावे लागतात. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. छोट्या दुकानदारांचे, निवृत्तांचे, कारागिरांचे. सरकारी अनुदान राष्ट्रीयीकृत बँकेत येईल हे खरे. पण ‘तुमचे पैसे खात्यात सुरक्षित आहेत’ या वाक्यावर या तालुक्याने एकदा विश्वास ठेवून पाहिला आहे. आधार जुळत नाही, केवायसी राहिली, बोटांचे ठसे उमटत नाहीत ही नेहमीची अडचण. प्लास्टर आणि शाडूत वर्षे काढलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता आले नाहीत तर नवल नाही. ज्या घरात आज दोन पायांवर उभे असलेले रेशन आणि रोख आहे, तिथे एक पाय काढून सारा भार दुसऱ्यावर टाकायचा तर तो पाय किती पक्का आहे हे आधी पाहिले पाहिजे.

मग मार्ग कोणता?

महाराष्ट्राला याचे उत्तर परक्या देशात शोधायची गरज नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिचे मोठेपण दोन गोष्टींत होते. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने दिला, आणि त्यासाठी स्वतंत्र पैसा उभा केला. १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसाय कर मूळ याच कामासाठी होता. हा लेख वाचणाऱ्या नोकरदारांच्या पगारपत्रकात आजही महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ती नोंद या इतिहासाची खूण आहे. मुंबईच्या पगारदाराने माणदेशातल्या मजुराची हमी घेतली होती.

मूलभूत उत्पन्नाला याच दोन कसोट्या लावाव्यात : कायदा आहे का, आणि त्याची स्वतःची थैली आहे का? अलास्काने १९७६ मध्ये तेलाच्या उत्पन्नातून कायमस्वरूपी निधी उभारला आणि १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला त्यातून वार्षिक लाभांश मिळतो. दुसरी योजना मोडून तो उभा केलेला नाही. आपल्या शेजारी गोव्यात एप्रिल २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लोहखनिजाच्या विक्रीतून कायमस्वरूपी निधी करण्याचा आदेश झाला, आणि त्यातून प्रत्येक गोंयकाराला समान लाभांश मिळावा अशी मागणी तिथल्या कार्यकर्त्यांनी केली. ही थॉमस पेनचीच वाट आहे : सामाईक संपत्तीचा खंड सर्वांना.

सुरुवात कुठून करावी? माझ्या मते वृद्धांपासून. वय सिद्ध करायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जोह्याच्या त्या अडुसष्ट वर्षांच्या आजीला पासष्टीनंतर लाडकी बहीण नाही आणि मुलगा कमावता म्हणून श्रावणबाळ नाही. २१ हजारांची अट काढून पासष्टीपुढच्या प्रत्येकाला, महागाईशी जोडलेले निवृत्तिवेतन कायद्याने दिले तर मूलभूत उत्पन्नाची पाचही लक्षणे एका वयोगटापुरती पूर्ण होतील. खर्च मोठा आहे, पण सर्वांना देण्याच्या मानाने तो आवाक्यातला आहे. यातून वजाबाकीचा नियम निघून जाईल. रेशन जसेच्या तसे राहील.

त्याने आखणी करणाऱ्या घरधन्याची फट बुजणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण घरात एक ठरलेली रक्कम आली, धान्य आले, की भाद्रपद ते मार्गशीर्ष हा रिकामा काळ उचलीशिवाय काढता येईल. पुढच्या मोसमात साचे बाहेर काढताना तो मालकाशी मजुरीचा भाव बोलू शकेल, किंवा प्लास्टर सोडून शाडूकडे वळण्याचा धोका पत्करू शकेल. पर्यावरणासाठी कारागिराने बदलावे अशी आपली सर्वांची अपेक्षा आहे. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचे धान्य आणि औषधाचे पैसे आहेत, त्यालाच ती अपेक्षा परवडते.